टोकियोची टॅक्सी आणि आमची काळी-पिवळी

जपानहून परत आल्यापासून गावोगाव मला एकच प्रश्न विचारला जातो. सोयाबीनच्या बीजप्रक्रियेची सभा असो की तुरीचे शेंडे खुडण्याचं प्रात्यक्षिक असो, काम संपलं, चहा आला, की कुणीतरी विचारतंच, "सायेब, त्या बुलेट ट्रेनमधी बसलाव का?"

मी खरं सांगतो. बसलो नाही. लांबून जाताना बघितली.

"मग बघितलं तरी काय?"

"टॅक्सी बघितली," मी म्हणतो. मंडळी हसतात. म्हणतात, टॅक्सीत काय बघायचं? आपल्या येडशीच्या फाट्यावर हव्या तेवढ्या काळ्या-पिवळ्या उभ्या असतात.

त्यांचंही बरोबर आहे. आपल्याकडं काळी-पिवळी म्हणजे जीप. आत दाटीवाटीनं माणसं, टपावर करडईचं पोतं अन् मागच्या फळकुटावर एक पाय ठेवून लोंबकळणारा पोरगा. मुंबईकडं काळी-पिवळी म्हणजे मीटरची टॅक्सी. नाव एक, पण दोन्हींची तऱ्हा वेगळी. टोकियोची टॅक्सी आणखी तिसऱ्याच तऱ्हेची. ती मी मौज म्हणून बघितली नाही. माझ्या लेकीच्या अडल्या वेळी बघितली. म्हणून ती गोष्ट आपल्या घरच्या मंडळींना सांगावीशी वाटते.

आमची थोरली लेक आणि जावई दोघंही कॉम्प्युटरवाले. टोकियोत एडोगावा म्हणून एक वॉर्ड आहे, त्यात निशी-कासाई नावाची वस्ती आहे. तिथं त्यांचं बिऱ्हाड. सन २००० च्या आसपास भारतातले कॉम्प्युटर इंजिनियर तिकडं बरेच गेले. कचेऱ्यांच्या भागात जाणारी रेल्वे दारातून मिळते म्हणून ते या वस्तीत राहू लागले. आता तिथं आपली डाळ-पीठ-मसाल्याची दुकानंही आहेत. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ साली त्या वॉर्डाच्या सभागृहात निवडूनही आले.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण लेकीच्या डॉक्टरनं लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलं. सौ. म्हणाली, "लेक माहेरी येत नसेल तर माहेरच तिच्याकडं जाईल." मी रजेचा अर्ज टाकला, परदेशी जाण्याची परवानगी काढली आणि २०२४ च्या एप्रिलात आम्ही दोघं निघालो. धाराशिवहून रात्रीच्या गाडीनं मुंबई, तिथून विमान. सौ.नं अळीव बांधून घेतले होते, ते मी काढायला लावले. परक्या देशात बी न्यायचं तर पीक-रोगाच्या तपासणीचा दाखला लागतो. आपण लोकांना कीड-रोगाचे धडे द्यायचे आणि आपणच विमानतळावर अडकायचं, हे बरं दिसलं नसतं. डिंकाचे लाडू मात्र नेले.

टोकियोचा नारिता विमानतळ शहरापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. तिथून टॅक्सी केली तर एका खेपेत आपल्याकडची चांगली शेळी जाईल. म्हणून जावई आम्हांला न्यायला आले ते बसनं. वस्तीपर्यंत बस आणि तिथून शेवटचा दीड-दोन किलोमीटर, सामान जास्त म्हणून, टॅक्सी. तीच आमची पहिली टॅक्सी.

गाडी येऊन उभी राहिली. घडीव, निळसर काळ्या रंगाची, उंच टपाची. सौ. सवयीनं पुढं झाली आणि दाराची कडी ओढणार, तोच दार आपोआप उघडलं. ती दचकून दोन पावलं मागं सरली. जावई म्हणाले, "आई, दाराला हात लावायचा नाही. डाव्या अंगाचं मागचं दार चालक आपल्या जागेवरून उघडतो आणि तोच लावतो." आपल्याकडं जीपचं दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. त्यामुळं पुढचे आठ दिवस आमचा हात दाराकडं जायचा आणि आम्ही तो मागं घ्यायचो.

चालक साठीच्या पुढचा. पांढरे हातमोजे, टाय, डोक्याला टोपी. बसल्याबरोबर मान लववून काहीतरी बोलला. जावयांनी सांगितलं, "बसलात, उपकार झाले, असं म्हणतोय." सौ.नं त्याला हात जोडले. गाडी आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालली. तेवढं एक ओळखीचं वाटलं.

जावयांनी पत्ता सांगितला तो असा: अमुक वस्ती, इतका नंबरचा भाग, इतका नंबरचा तुकडा, इतक्या नंबरची इमारत. रस्त्याचं नाव नाहीच. मी विचारलं, तेव्हा कळलं की मोठे हमरस्ते सोडले तर तिथं गल्ल्यांना नावंच नसतात. नाव वस्तीला आणि नंबर तुकड्याला. मी म्हटलं, "म्हणजे हा गट नंबर झाला!" आपल्या शेताचा पत्ता आपण रस्त्यावरून सांगतो का? गाव, गट नंबर, पोटहिस्सा असाच सांगतो. नेमकी तीच पद्धत. अडचणही तीच. नवख्या माणसाला गट नंबर सांगून शेत सापडत नाही, तसं तिथल्या चालकालाही नुसत्या नंबरावरून घर चटकन सापडत नाही. म्हणून परक्या माणसानं पत्ता जपानी अक्षरांत लिहिलेला कागद जवळ ठेवावा आणि जिथं जायचं तिथला फोन नंबरही. गाडीतल्या नकाशाच्या यंत्रात फोन नंबर घातला की बऱ्याच जागा सापडतात. ज्यांची मुलं-मुली तिकडं आहेत त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. इंग्रजीवर भिस्त ठेवू नये. चालकाला ती येईलच असं नाही.

दुसरी एक गंमत. चार दिवसांनी मी एकटाच फिरायला गेलो आणि परतताना पाय दुखू लागले म्हणून रस्त्याच्या कडेला हात करून उभा राहिलो. पुढच्या काचेआड हिरवा दिवा असलेल्या टॅक्सी एकामागून एक जात होत्या, एकही थांबेना. लाल दिव्याची आली की मी हात खाली घ्यायचो. आपल्याला लाल म्हणजे बंद, एवढंच ठाऊक. शेवटी लाल दिव्याची एक गाडी आपणहून हळू झाली. घरी गेल्यावर लेक हसून लोटपोट झाली. तिथं लाल अक्षरं म्हणजे गाडी रिकामी आणि हिरवी म्हणजे आत उतारू बसलेला. वीस मिनिटं मी भरल्या गाड्यांना हात करत होतो!

आता भाड्याचं सांगतो, कारण आपल्या माणसाचा पहिला प्रश्न तोच असतो. टोकियोच्या मुख्य भागात २०२२ च्या नोव्हेंबरात जो दर ठरला, तोच आम्ही गेलो तेव्हा चालू होता. पहिल्या १ किलोमीटर ९६ मीटरला ५०० येन, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं आपले पावणेतीनशे रुपये. पुढं दर २५५ मीटरला १०० येन. गाडी गर्दीत रखडली तर वेळेचे वेगळे. रात्री दहा ते पहाटे पाच शेकडा वीस जास्त. मुंबईच्या काळ्या-पिवळीला त्या वेळी पहिल्या दीड किलोमीटरला २८ रुपये होते, २०२५ च्या फेब्रुवारीपासून ३१ झाले. तेव्हा जपानची टॅक्सी स्वस्त आहे असं कुणी समजू नये. तिथला साधा माणूस रोज रेल्वेनंच जातो.

पण महाग असली तरी तिच्यात घासाघीस नाही. मीटर पडतो, आकडा समोर दिसतो, तेवढे पैसे एका छोट्या तबकात ठेवायचे. सुटे पैसे शेवटच्या येनापर्यंत परत. वर चहापाण्याला म्हणून काही द्यायचं नाही. मी एकदा शंभर येन तबकात तसेच राहू दिले, तर चालक गाडीतून उतरून ते द्यायला आला. पावती मागितली तर मिळते, आणि मागावीच. तिच्यावर कंपनीचं नाव, फोन आणि गाडीचा नंबर असतो. तिचा उपयोग पुढं सांगतो.

एकदा रस्त्याचं काम चालू होतं म्हणून चालक दुसऱ्या गल्लीत शिरला आणि चुकला. त्यानं आधी मीटर थांबवला, मग माफी मागितली आणि त्यानंतर रस्ता शोधायला लागला. मीटर थांबलेला बघून मला माझे वडील आठवले.

१९९२ ची गोष्ट. मी परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकत होतो. वडिलांच्या घशात गाठ आली म्हणून त्यांना मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलात न्यायचं होतं. सोलापूरहून गाडीनं दादरला उतरलो आणि टॅक्सी केली. त्या काळी मुंबईच्या टॅक्सीला जुना लोखंडी मीटर असायचा. त्याच्यावर जो आकडा दिसायचा तो जुन्या दराचा. चालकाजवळ एक छापील कार्ड असायचं, त्यात बघून आजचं भाडं काढायचं. आम्हांला हे काय ठाऊक? मीटरवर दिसला एक आकडा आणि चालकानं मागितले त्याच्या कितीतरी पट. वडील चिडले. "खेड्यातला बघून लुबाडतोस काय?" म्हणून भर रस्त्यात भांडले. चालकानं कार्ड पुढं केलं, पण वडिलांना वाचता येत नव्हतं आणि माझाही विश्वास बसेना. शेवटी शेजारच्या पानवाल्यानं समजावून सांगितलं की भाडं बरोबर आहे. वडिलांचा चेहरा पडला. त्यांनी पैसे दिले आणि चालकाला हात जोडले. दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. चालक सरळ होता, वडीलही सरळ होते. पण माप असं होतं की परक्याला ते कळत नव्हतं. वजनाचा काटा आडोशाला असला की मोंढ्यात शेतकरी आणि आडत्याचं भांडण लागतं, तसंच ते.

आता मूळ गोष्टीकडं येतो. लेकीला आठवा महिना लागला, तसं एका रविवारी जावई फोनवर काहीतरी भरत बसले होते. मी विचारलं तर म्हणाले, "बाळंतपणाच्या टॅक्सीची नोंदणी करतोय."

मला वाटलं चेष्टा आहे. पण खरंच तशी सोय तिकडं आहे. जपानीत तिला 'जिन्त्सू टॅक्सी' म्हणतात. जिन्त्सू म्हणजे कळा. तिथं रुग्णवाहिका फुकट मिळते, पण साध्या बाळंतपणाच्या कळांसाठी ती बोलवायची नसते, खरं संकट असेल तरच. म्हणून टॅक्सी कंपन्यांनी ही सोय काढली. निहोन कोत्सू नावाची तिथली मोठी कंपनी ती देते, आणखीही कंपन्या देतात. घरचा पत्ता, गाडी कुठं लावायची ती जागा, हॉस्पिटलचं नाव, त्याचं कुठलं दार रात्री उघडं असतं ते, आणि बाळंतपणाची अंदाजे तारीख एवढं आधी लिहून द्यायचं. मग दिवसा, रात्री कधीही एका ठरलेल्या नंबरवर फोन करायचा. या चालकांना असा उतारू कसा न्यायचा हे शिकवलेलं असतं. सीटवर घालायला पाणी न झिरपणारी चादर गाडीत ठेवलेली असते.

मी विचारलं, "आगाऊ रक्कम किती भरावी लागते?"

"काही नाही."

"आणि ऐन वेळी भाडं किती सांगतील?"

जावई माझ्याकडं बघतच राहिले. "बाबा, भाडं सांगायचं काय त्यात? मीटरनं होईल तेवढं, आणि गाडी दारात बोलावण्याचा ठरलेला आकार."

त्यांना माझा प्रश्न कळला नाही. सौ.ला कळला. ती काही न बोलता उठून आत गेली.

तिला काय आठवलं ते मला ठाऊक होतं. १९९५ चा श्रावण. हीच लेक पोटात होती. सौ. माहेरी होती, येरमाळ्याच्या पुढं बालाघाटाच्या अंगाला एक वाडी आहे तिथं. मी रविवार म्हणून गेलो होतो. रात्री दहाच्या पुढं कळा सुरू झाल्या. सुईणीनं बघितलं आणि म्हणाली, "माझ्यानं व्हायचं नाही. पोर आडवं वाटतंय. उस्मानाबादला हलवा." बाहेर पाऊस असा की हाताला हात दिसेना. वाडीत गाडी नाही. फोन नाही. मेव्हणा कंदील घेऊन चिखलातून तीन किलोमीटर गेला आणि शेजारच्या गावातून एक जीपवाला घेऊन आला.

जीपवाला दारात आला आणि आकडा सांगितला. तो माझ्या पगाराचा तिसरा हिस्सा होता. मी म्हटलं, कमी करा. तो म्हणाला, रात्र आहे, पाऊस आहे, रस्ता बघा. सासरे मध्ये पडले. थोडं इकडं, थोडं तिकडं. आत माझी बायको कळांनी ओरडत होती आणि मी दारात उभा राहून भाव करत होतो. पाच मिनिटं गेली असतील, दहा गेली असतील. शेवटी सासऱ्यांनी बैलपोळ्यासाठी ठेवलेले पैसे काढून त्याच्या हातावर ठेवले. पुढं येरमाळा ओलांडल्यावर त्यानं गाडी उभी केली आणि म्हणाला, डिझेल भरायला आणखी लागतील. सासूबाईंनी कनवटीची चुरगळलेली नोट दिली.

जिल्हा रुग्णालयात पोचलो आणि अर्ध्या तासात लेक झाली. दोघी सुखरूप. आई तुळजाभवानीची कृपा म्हणायची. पण ती दहा मिनिटं आमच्या घरात कुणी विसरलं नाही. सौ.नं मला कधी बोलून दाखवलं नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आज मी त्या जीपवाल्यालाही शिव्या देत नाही. दिवसभर गाडी चालवून तो झोपला होता. त्या चिखलात गाडी रुतली असती तर त्याला कोण भरपाई देणार होतं? रात्रीचा दर किती, हे कुणी ठरवलंच नव्हतं. न ठरलेली गोष्ट अडल्या वेळी ठरवायला गेलं की जो अडलेला असतो तो लुबाडला जातो, आणि दुसरा लुबाडणारा ठरतो. दोघांचंही माणूसपण कमी होतं.

टोकियोत लेकीला कळा सुरू झाल्या मे महिन्यात, रात्री दोन वाजता. योगायोग असा की बाहेर पाऊसच होता. माझे पाय थरथरत होते. लेकीनंच फोन लावला. पलीकडच्या बाईनं पत्ता विचारला नाही, कुठं जायचं विचारलं नाही. नंबरावरून नोंद सापडली होती. कळा किती मिनिटांनी येतात एवढंच विचारलं. बारा मिनिटांत गाडी खाली उभी. दार उघडं, सीटवर चादर घातलेली. चालक छत्री घेऊन जिन्यापाशी उभा होता. वय माझ्याहून दहा वर्षांनी जास्त असेल.

मी हातात पैशाचं पाकीट घट्ट धरून खाली उतरलो होतो. का, ते मलाच कळलं नाही. कुणी मागितलेच नाहीत तेव्हा लक्षात आलं की मी भाव करायच्या तयारीनं उतरलो होतो.

लेक आणि सौ. मागं बसल्या, जावई त्यांच्याजवळ आणि मी पुढं. सौ. मराठीत म्हणाली, "भाऊ, सावकाश हाका हो." तो म्हणाला, "हाय." जपानीत हाय म्हणजे होय. त्याला शब्द कळले नसतील, पण सांगणं कळलं. रात्रीचा मोकळा रस्ता, तरी त्यानं गाडी पळवली नाही. प्रत्येक वळणावर आधी हळू, मग वळण. लेकीला कळ आली की तो वेग आणखी कमी करायचा आणि कळ गेली की पूर्ववत. भरलेल्या पाण्याच्या घागरी गाडीत असल्या म्हणजे आपला जुना गाडीवान बैल हाकायचा, तसा तो चालला होता. हॉस्पिटलच्या मागचं दार रात्री उघडं असतं, तिथंच नेमकी गाडी लावली. मीटरचे आणि बोलावण्याचे मिळून तीन हजार येनाच्या आत-बाहेर झाले, आपले सोळाशे रुपये. जावयांनी पैसे तबकात ठेवले, पावती खिशात टाकली. चालकानं दारापर्यंत छत्री धरली. आम्ही आत गेल्यावर मी मागं वळून बघितलं, तर तो पावसात उभा राहून कमरेत वाकला होता.

सकाळी सातच्या सुमारास नात झाली.

सगळं आवरल्यावर सौ.च्या ध्यानात आलं की तिची पिशवी गाडीतच राहिली. आत बाळाचे चांदीचे वाळे, काळ्या मण्यांच्या मनगट्या आणि लाडवांचा डबा. ती रडकुंडीला आली. जावयांनी खिशातली पावती काढली आणि तिच्यावरच्या नंबरला फोन केला. पिशवी कंपनीच्या कचेरीत जमा होती. संध्याकाळी जाऊन सही करून ते घेऊन आले. वाळे होते, मनगट्या होत्या, लाडू मोजून होते तेवढेच. तिथं सापडलेली वस्तू ठेवून घेणं हा गुन्हा आहे. मालक सापडला नाही तर ती पोलिसांकडं जाते. मोठ्या शहरात हरवलेल्या वस्तूंची स्वतंत्र कचेरीच असते.

तुम्ही म्हणाल, जपानी माणूस जातीचाच सरळ, आपलं तसं कुठं? मलाही तसंच वाटलं होतं. पण लेकीच्या इमारतीत ऐंशीच्या पुढचे एक गृहस्थ राहतात. बाळाला बघायला आले तेव्हा लेकीनं दुभाष्याचं काम केलं आणि मी त्यांच्यापाशी टॅक्सीची स्तुती केली. ते हसले. म्हणाले, "आमच्या तरुणपणी या टॅक्सीवाल्यांना लोक 'कामिकाझे टॅक्सी' म्हणायचे." कामिकाझे म्हणजे महायुद्धात विमानासकट शत्रूवर जाऊन आदळणारे वैमानिक. १९५८ च्या सुमाराचा तो काळ. चालकाला रोज इतका धंदा झालाच पाहिजे असं बंधन असायचं, पगार त्यावर. म्हणून ते जीव घेत गाड्या पळवायचे. पुढं रात्रीच्या वेळी जवळचा उतारू नाकारायचा आणि लांबचाच घ्यायचा, असाही प्रकार फार बोकाळला. लोकांनी ओरड केली. १९७० साली कायदा झाला. टोकियो, ओसाकासारख्या शहरांत चालकांची नोंदणी सुरू झाली, तक्रारीची जागा झाली, तक्रार खरी ठरली तर नोंदणीवर गदा येऊ लागली. हळूहळू वळण लागलं. पहिल्या दिवशीच कुणी छत्री घेऊन उभा राहिला नव्हता.

हे ऐकून मला बरं वाटलं. आपल्या शेतीतही तेच आहे. वाण कितीही चांगला असला तरी मशागत नसेल तर तण माजतं. सरळपणाचीही मशागत लागते.

आणि तिकडचं सगळंच गोड आहे असंही नाही. टॅक्सी चालवणारे म्हातारे होत चाललेत, तरुण या धंद्यात येत नाहीत. खेड्यापाड्यात तर टॅक्सी मिळणं मुश्किल. आम्ही होतो त्याच एप्रिलात सरकारनं काही शहरांत, ठरावीक वेळेपुरती, साध्या माणसांना आपल्या खासगी गाडीतून भाडं न्यायची मुभा दिली. तीही टॅक्सी कंपन्यांच्या देखरेखीखाली.

इकडं आल्यावर मी विचार केला, आपल्याकडं आता काय नाही? १९९५ ला नव्हतं ते पुष्कळ आहे. गरोदर बाईसाठी १०२ नंबरची सरकारी गाडी आहे, मोफत आहे. संकटाला १०८ आहे, महाराष्ट्रात ती २०१४ पासून सुरू आहे. गावात आशाताई आहे, तिच्या वहीत प्रत्येकीची तारीख लिहिलेली आहे. तेव्हा पहिला फोन तिथंच करावा. पण ओढ्याला पूर आला, गाडी दुसऱ्या खेपेवर गेलेली असली, तर अजूनही वाडीवरचा माणूस परगावच्या जीपवाल्याच्या दारात उभा राहतो आणि भाव करतो.

म्हणून गेल्या पावसाळ्यापासून मी एक काम चालवलंय. ते माझ्या खात्याचं नाही, पण सभेला माणसं जमलेलीच असतात. खताच्या मात्रा सांगून झाल्या की मी खडू हातात घेतो. गावात आणि शेजारच्या गावात परवान्याच्या गाड्या किती, त्यांच्या चालकांचे फोन नंबर काय, ते फळ्यावर लिहितो. मग चालकांनाच पुढं बोलावतो आणि सगळ्यांदेखत विचारतो, आरोग्य केंद्रापर्यंत दिवसा किती, रात्री किती, धाराशिवपर्यंत किती? चर्चा होते, थोडी ओढाताण होते. पण ती दिवसाउजेडी होते आणि कुणी आत कण्हत नसतं. ठरलेला आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवायचा. नंबर आशाताईच्या वहीत. सातव्या महिन्यातच घरच्यांनी आपला चालक ठरवून ठेवायचा, घरापर्यंत गाडी येते का ते बघून ठेवायचं, आणि रात्रीच्या भाड्यापुरते पैसे एका डब्यात वेगळे काढून ठेवायचे. बस, एवढंच. याला ना अनुदान लागतं, ना अर्ज.

एका वाडीत हे ठरत होतं तेव्हा एक जीपवाला मागं भिंतीला टेकून गप्प बसला होता. पन्नाशीचा असेल. मला वाटलं याला पटलेलं नाही. सभा उठली तसा तो माझ्यापाशी आला.

"सायेब," तो म्हणाला, "रातच्याला दार वाजलं की आम्हालाबी उठावं लागतंय. आतून बाईचा आवाज यितो. आन् आपुन पैशाचं बोलायचं. मलाबी लाज वाटती ओ. आता भित्तीवर लिवलंय ते बरं झालं. नुसतं चावी घिऊन निघायचं."

मी घरी येऊन ते सौ.ला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबवून म्हणाली, "आपल्या वाडीच्या भिंतीवरही लिहून या."

पुढच्या रविवारी मी सासुरवाडीला गेलो. रंगाचा डबा आणि कुंचला घरूनच नेला होता.